देवदाराच्या पोटातले लोखंड

"सर, अडकलं."

"अडकलं कुठं? फिरतंय की."

"फिरतंय. पण बाहेर येत नाही."

टिपणीससरांनी मला खांद्यानेच बाजूला सारले आणि गिरमिटाची आडवी मूठ स्वतःच्या हातात घेतली. उलटी फिरवली. पुन्हा फिरवली. मूठ लोण्यात फिरावी तशी गरागरा फिरत होती, आणि सालीपासून तिचे अंतर मात्र केसभरही वाढत नव्हते. सरांनी हात काढले आणि तळवे पँटला पुसले. देवदाराची राळ अशी पुसली जात नाही, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक होते? तरी पुसले.

आमच्या मागे एका दगडावर खिमीदेवी बसली होती. चातीवर लोकर कातत होती. चाती थांबली.

"काय झालं, बहनजी?"

"काही नाही, दीदी. जरा वेळ लागेल."

तिने आधी झाडाकडे पाहिले, मग पश्चिमेच्या डोंगरधारेकडे कलत चाललेल्या सूर्याकडे. सूर्याच्या डाव्या अंगाला एक काळा ढग डोके वर काढत होता. खाली उतारावर साऱ्या गावाच्या सफरचंदाच्या बागा फुलल्या होत्या, पांढऱ्या आणि किंचित गुलाबी. खिमीदेवीने बागांकडे पाहिलेच नाही. पाहण्याची तिला गरज नव्हती.

हिमाचलातल्या काथीधार नावाच्या गावावरचे ते देवाचे बन. मी तेव्हा तिशी नुकती ओलांडलेली होते. आता मला आमच्या सोसायटीचा जिना चढताना मध्ये थांबावे लागते, पण तो चढ अजून पायांना आठवतो. खाली बागा, वर शेणखताचा वास येणारी पायवाट, मग एकदम सावली, आणि त्या सावलीत देवदारांचे खांब. एप्रिल असूनही तिथे पाऊल ठेवले की शाल ओढून घ्यावीशी वाटे.

आम्ही पुण्याहून तिथे झाडे मोजायला गेलो होतो. झाड हवेतला कार्बन ओढून घेते आणि त्याचे लाकूड करून अंगात ठेवते. थंड प्रदेशातली ही जंगले तो किती ओढतात, किती साठवतात आणि किती वर्षे धरून ठेवतात, हे सरांना काढायचे होते. आज हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. तेव्हा लोक आम्हाला विचारायचे, "म्हणजे नक्की काय करता तुम्ही?" माझी आई शेजारणींना सांगे, "झाडांचं वजन करते ती." मला वाटायचे तेवढे ते चुकीचे नव्हते.

सर मात्र घाईत होते. वनखात्यातल्या एका बड्या अधिकाऱ्याने भर बैठकीत म्हटले होते की जुनी झाडे म्हणजे घरातली म्हातारी माणसे. जागा अडवतात, खातात, पण वाढत काही नाहीत. ती तोडा आणि तिथे नवी लावा. सर त्या बैठकीत काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "गुप्ते, मोजल्याशिवाय भांडायचं नाही. चल, मोजू."

मोजण्याच्या बाबतीत हा माणूस फार खडूस होता. खोडाला फीत लावली की आकडा समोरून वाचायचा. डोळा आणि आकडा एका रेषेत. मी एकदा घसरणीवर एक पाय टेकवून बाजूनेच आकडा वाचला, तर त्यांनी मला पुन्हा खाली पाठवले आणि अख्खा पट्टा नव्याने मोजायला लावला. "बाजूने वाचलेला आकडा माझ्याकडे आणू नकोस. तो आकडा नसतो, अंदाज असतो." एका सहकाऱ्याने दशांशाच्या पुढचे अंक गाळून आकडे लिहिले, तर त्याला दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये बसवले होते.

घेर फितीने मोजता येतो. पण झाड आत कसे वाढले, कोणत्या वर्षी किती जाड झाले, हे पाहायचे तर आत शिरावे लागते. त्यासाठी ते गिरमिट. पोलादाची पोकळ नळी, हातभर लांब, टोकाला आटे. मूठ फिरवत ती खोडात घालायची, मग आत एक बारीक पन्हाळी सरकवून पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी ओढून काढायची. कांडीवर वर्षावर्षांच्या रेघा दिसतात. मग गिरमिट उलटे फिरवून बाहेर काढायचे, भोकात मेण भरायचे. झाडाला फारसे काही होत नाही. परदेशातून मागवलेले ते एकच गिरमिट आमच्या संस्थेकडे होते.

बनातल्या इतर झाडांना कुणाची हरकत नव्हती. पण मधोमध जो सर्वांत थोरला देवदार होता, ज्याला पाच माणसांनी हात धरून कवळ घातली तरी बोटे जेमतेम टेकत, तो देवाचा. आणि सरांना तोच हवा होता. "एका बनात एवढं एक झाड असलं की अर्धा साठा त्याच्याच पोटात असतो," ते म्हणत. "ते सोडून मोजलं तर काय मोजलं?"

म्हणून दोन दिवसांपूर्वी आम्ही देवळापुढच्या पटांगणात बसलो होतो. तिथे देव गूराच्या तोंडून बोलतो. गूर म्हणजे देवाने निवडलेला माणूस. काथीधारचा गूर झाबेराम, वाळक्या अंगाचा म्हातारा, पाठीवर पांढऱ्या केसांच्या जटा. त्याच्या शेजारी देवळाचा कारभारी टेकराम, जाडजूड, तेल लावून बसवलेल्या मिशांचा. टेकराम खिमीदेवीचा धाकटा दीर. दोघांच्या बागा एकमेकींना लागून होत्या. नवरा गेल्यापासून खिमीदेवी एकटीच आपली बाग बघत होती, आणि टेकरामला ते बघवत नव्हते.

"हे पुण्याचे लोक," टेकराम म्हणाला, "देवाच्या अंगात लोखंड घालणार. उद्या काही झालं तर हे गाडीत बसून जातील. इथं कोण भरणार?"

सरांनी चष्मा काढून पुसला. मला वाटले, संपले.

"मी भरेन," खिमीदेवी म्हणाली. बायकांच्या घोळक्यातून ती पुढे आली होती. "माझ्या घरी उतरलेत. माझ्या हातची भाकरी खातात. माझा शब्द."

"तुझा शब्द?" टेकराम हसला. "तुझ्या शब्दावर दोन वर्षं गारा पडतायत."

तेव्हा मला नीट कळले नव्हते. नंतर कळले. सलग दोन वर्षे ऐन फुलोऱ्यात गारपीट झाली होती. सगळ्यांच्या बागा झोडपल्या गेल्या आणि खिमीदेवीची बाग कशीबशी वाचली. डोंगराच्या कुशीत होती म्हणून वाचली, पण गावात कुजबुज सुरू झाली. बाई एकटी राहते, वरच्या बनात एकटी फिरते, हिच्याच झाडांवर गार कशी पडत नाही? तिकडे चेटकिणीला डाग म्हणतात. तो शब्द तिच्या तोंडावर अजून कुणी उच्चारला नव्हता. पण दोन घरांनी तिच्या हातचे पाणी घेणे बंद केले होते.

गूराने डोळे मिटले. त्याचे अंग थरथरायला लागले, केस पुढे आले. मग त्याने ताटलीतून तांदळाची चिमूट उचलून खिमीदेवीच्या तळहातावर टाकली. त्यांची रीत अशी की दाणे विषम आले तर देव हो म्हणतो, सम आले तर नाही. सात आले.

"पण लोखंड मुक्कामाला राहायचं नाही," गूर वेगळ्याच आवाजात म्हणाला. "सूर्य त्या धारेमागे जायच्या आत बाहेर. झाडात लोखंड ठोकून ठेवणं म्हणजे देवाला खिळून ठेवणं. तसं काम कोण करतं, ते तुम्हाला ठाऊक आहे."

सगळ्यांची नजर एकदम खिमीदेवीकडे गेली. ती दाणे मुठीत घट्ट धरून उभी होती.

आणि आज गिरमिट आत, सूर्य धारेजवळ.

"काय झालंय माहीत आहे का?" सर मराठीत हळूच म्हणाले. "टोक मऊ लाकडात शिरलंय. कुजलेलं असेल, नाही तर पोकळ. आट्यांना धरायला काही राहिलं नाही. नुसतं जागच्या जागी फिरतंय."

"मग?"

"मागे ओढत फिरवलं पाहिजे. म्हणजे आटे पुन्हा घट्ट लाकडात चावतील."

मी मुठीच्या दोन्ही टोकांना धरून पाय खोडाला लावले आणि ओढले. सर फिरवत होते. माझे हात राळेने सटकत होते. काही हलले नाही. मग सरांनी आपला कमरेचा पट्टा सोडला, मुठीला अडकवला, आणि एका हाताने पँट सावरत दुसऱ्याने ओढायला लागले. एरवी मी हसून हसून खाली बसले असते. पट्ट्याचे बक्कल तुटून माझ्या कानाजवळून सणसणत गेले.

"लागलं का?"

"नाही."

"कांडी नीट ठेवलीस ना?"

"सर, कांडीचं काय घेऊन बसलात!"

"पिशवीत ठेव आधी. उन्हाने वाळते."

मी ठेवली. वीतभरच निघाली होती. एका टोकाला पिवळसर, घट्ट, रेघारेघांची, सुगंधी. दुसऱ्या टोकाला तपकिरी भुगा.

ढग आता सूर्याच्या बरोबरीने वर आला होता आणि त्याच्या पोटात गुरगुर सुरू झाली होती. खिमीदेवी उठून आमच्याजवळ आली. तिने मुठीला हात लावला नाही, फक्त पाहिले.

"निघत नाही ना?" ती म्हणाली.

सर सरळ म्हणाले, "आम्हा दोघांच्याने नाही. जाड दोर पाहिजे, आणि सात-आठ तगडे गडी. सरळ मागे ओढणारे."

दोर देवळात होता. देवळाच्या तुळया वर चढवायला गाव तोच दोर वापरी. पण दोर मागायचा म्हणजे गावाला सांगायचे. आणि नाही सांगितले, तर अजून थोडा वेळ होता. कदाचित आणखी एका हिसक्यासरशी सुटेल. कदाचित मूठ कापून टाकता येईल, वर साल लावता येईल, झाड चार वर्षांत ते गिळून टाकेल आणि कुणाला कळणारही नाही. हे सगळे माझ्या मनात आले होते. खिमीदेवीच्याही आले असणार, कारण तिने एकदा खोडावरून नजर फिरवली आणि एकदा पायवाटेकडे पाहिले. पायवाटेवर कुणीच नव्हते.

"दीदी, थोडं थांबून पाहू," मी म्हणाले.

"थांबून काय होणार? सूर्य थांबतोय का?" तिने चाती कमरेला खोचली. "मी बोलावते."

"टेकराम असेल तिथं."

"असू दे. दोराची किल्ली त्याच्याकडेच आहे."

आणि ती उतरायला लागली. चालत नव्हती, धावतही नव्हती. डोंगरातल्या बायका उतरताना अंग सैल सोडतात, तशी. झाडांमधून तिचा लाल ढाटू, म्हणजे डोक्याचा रुमाल, दिसेनासा झाला आणि मग खालून तिची हाक ऐकू आली. ती मदतीची हाक होती, पण तिच्यात रडणे नव्हते.

आम्ही दोघे तसेच उभे. सर मूठ धरून, मी सरांना धरून.

"सर, तिचं काय होईल?"

"आधी हे काढू."

"समजा नाही निघालं?"

"गुप्ते, गप्प राहून ओढ."



मग माणसे आली. पायवाटेने एकामागून एक, खांद्यावर दोर लांबच लांब सापासारखा. पुढे टेकराम, त्याच्या मागे गूर झाबेराम काठी टेकत, सगळ्यांत शेवटी खिमीदेवी. बायका बनाच्या कडेलाच थांबल्या.

"बघा," टेकराम सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "मी सांगत नव्हतो? आता ओढा हिचं पाप."

"तू बोलतोस की ओढतोस?" गूर म्हणाला. "ओढणार असशील तर दोराला हात लाव. नाही तर बाजूला हो, माणसाची जागा अडवू नकोस."

दोघे-तिघे हसले. टेकरामने दोराला हात लावला.

सरांनी मुठीला दोराचा फास घातला. त्यांनी गड्यांना हिंदीत, चुकत-माकत, पुन्हा पुन्हा सांगितले की हिसका द्यायचा नाही, सारखा ताण ठेवायचा, मी फिरवत असताना. तुळई ओढताना ते लोक एक लांब हाळी घालतात. एकजण सुरू करतो आणि बाकीचे तिचे शेपूट धरतात. ती हाळी उठली. दोर ताणला गेला. खोडाच्या वरच्या फांद्यांतून काहीतरी झडून आमच्या डोक्यावर पडले. सर दातओठ खात मूठ उलटी फिरवत होते आणि मी त्यांच्या मनगटांवर माझे हात ठेवून जोर लावत होते. सूर्याची खालची कड डोंगराला लागली.

"येतंय," सर म्हणाले.

मला काही दिसले नाही.

"येतंय! ताण सोडू नका!"

मग दिसले. काळ्या पोलादाची एक चकाकती रेघ सालीबाहेर आली. आटे पुन्हा लाकडात चावले होते. एक फेरा, अर्धे बोट. आणखी एक. हाळी चढत गेली, आणि एकदम गिरमिट सुटले. दोरावरचे सगळे गडी एकमेकांवर उताणे कोसळले. टेकराम सगळ्यांच्या खाली. सर माझ्या अंगावर.

लोक हसायला लागले होते. तेवढ्यात झाडाने श्वास सोडला.

दुसरा शब्द मला आजही सापडत नाही. त्या बारीकशा भोकातून फुस्स असा आवाज आला आणि येतच राहिला. जुन्या तळघराचे दार उघडावे तसा उबदार, कुबट, गोडसर वास. त्याच्याबरोबर तपकिरी भुगा. सरांचा सगळा सदरा भुग्याने माखला. बऱ्याच वर्षांची कोंडलेली हवा होती ती. आम्ही जे मोजायला आलो होतो, तेच कदाचित आमच्या तोंडावर फुंकले जात होते.

हसणे थांबले. कुणीतरी टोपी काढली. आवाज हळूहळू बारीक होत थांबला.

गूर झाबेराम पुढे आला. त्याने भोकापाशी तळहात धरला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग सरांना विचारले, "डाक्टरसाब, आत काय आहे?"

मी मराठीत घाईघाईने पुटपुटले, "सर, काही बोलू नका. हवा होती म्हणा. नुसती हवा."

सरांनी माझ्याकडे पाहिले नाही. "आत पोकळ आहे," ते म्हणाले. "कवच घट्ट आहे. झाड जिवंत आहे, अजून पुष्कळ जगेल. पण आत पोकळ आहे."

मी डोळे मिटून घेतले. हा माणूस एकदा तरी, एकदाच, गप्प बसू शकला नसता का?

"पोकळ!" टेकराम अंगावरची माती झटकत उठला. "ऐकलंत? देवाचं झाड पोकळ! ही बाई रोज इथं येते. रोज! आणि झाड आतून खाल्लेलं!"

बायकांच्या घोळक्यात चुळबुळ झाली. खिमीदेवीच्या शेजारी उभ्या असलेल्या दोघी किंचित बाजूला सरकल्या. फार नाही. अर्धे पाऊल. पण मधली जागा दिसत होती.

"देवाला राहायचं तर आत जागा नको?" गूर शांतपणे म्हणाला. "भरीव भिंतीत कोण राहतं?"

"हे तुम्ही म्हणता, गूरजी. देवाला विचारा, ही बाई निर्दोष आहे का. दाणे टाका. तिच्या हातावर टाका, सगळ्यांसमोर."

ढगातून मोठा गडगडाट झाला. सगळ्यांनी एकदम वर पाहिले आणि मग खाली बागांकडे. सूर्य नुकताच धारेमागे गेला होता. खिमीदेवी पुढे आली आणि तिने उजवा हात पुढे केला. 

"हिच्या हातावर नाही," गूर म्हणाला. "लोखंड ज्याचं, हात त्याचा."

त्याने कंबरेच्या पिशवीतून तांदूळ काढले. सरांनी हात पसरला. तो सगळा राळेने माखून चकाकत होता. गूराने डोळे मिटले, काहीतरी पुटपुटला, आणि चिमूट सोडली.

मी सरांच्या डाव्या हाताला उभी होते. सवयीनेच मोजले.

सहा.

पुन्हा मोजले. तीन आणि तीन. सहा.

सर दाण्यांकडे पाहत होते. फितीकडे पाहत तसे, चष्मा नाकावर सरकवून, मान वाकवून, अगदी समोरून. मला वाटले, आता हे मोठ्याने सांगणार. पोकळ सांगितले, तसेच सहा सांगणार. हा माणूस दुसरे काही सांगूच शकत नाही. टेकराम टाचा उंचावून पाहायला पुढे आला, तेव्हा सरांनी मूठ मिटली.

"इथं घाला," गूराने ताटली पुढे केली. त्याचे डोळे अजून मिटलेलेच होते.

सरांनी मूठ ताटलीवर उलटी केली, उघडली, आणि हात मागे घेतला. टेकरामने वाकून बोटाने एकेक दाणा सरकवला.

"एक. दोन. तीन. चार." त्याचे बोट थांबले. "पाच."

त्याने पुन्हा मोजले. पाचच.

गूराने डोळे उघडले आणि ताटली कपाळाला लावली. "झालं," तो म्हणाला. "दोर गुंडाळा. पाऊस येतोय."

पाऊस आला. आम्ही गावात पोचेपर्यंत सगळे भिजलो होतो. साधे पाणी होते. गार एकही नव्हती. ढग पलीकडच्या खोऱ्यात गेला आणि तिथे काय केले, ते मला माहीत नाही. उतरताना एक म्हातारी खिमीदेवीच्या खांद्याचा आधार घेत चालली होती. मघाशी बाजूला सरकलेल्या दोघींपैकीच एक. घरी पोचल्यावर तिने खिमीदेवीच्या हातून लोटाभर पाणी घेतले आणि उभ्या-उभ्या पिऊन टाकले. एवढ्या पावसात कुणाला तहान लागते? पण ती प्यायली, दारात उभी राहून, सगळ्यांना दिसेल असे.

पुढे पुण्याला आल्यावर सरांनी तो देवदार अहवालात पोकळ म्हणूनच लिहिला. वीतभर कवच तेवढे धरले. बनाचा एकूण साठा आम्ही अंदाज केला होता त्याच्या कितीतरी खाली आला. मी म्हटले, भोक एकाच बाजूने पाडले होते, दुसऱ्या बाजूला लाकूड भरीव असेलही. सर म्हणाले, "असेल. पाहिलंस का तू?" मग ते पुढची तीन वर्षे त्या अंगाची सगळी जुनी बने फिरले, पोकळ आणि भरीव, दोन्ही मोजत. मोठ्या देवदारांनीही दर वर्षी अंगावर नवी रेघ चढवली होती, हे त्या कांड्यांनी सांगितले. बैठकीत त्या अधिकाऱ्याने हसून विचारले, "म्हणजे म्हातारी झाडं आतून रिकामीच की, टिपणीस?" सर म्हणाले, "काही आहेत. वाढतात मात्र सगळी. आकडे आणलेत, वाचून दाखवू?" त्यांनी सगळे वाचले. अर्धी माणसे चहाला उठून गेली, तरी वाचले. ते बन आजही उभे आहे. खिमीदेवीची नात मला फोन करते, तिच्याकडून कळते. खिमीदेवी शेवटपर्यंत तिच्याच बागेत राहिली. दर सप्टेंबरात सरांच्या नावाने सफरचंदांची एक पेटी यायची. सर गेल्यावर ती माझ्या नावाने यायला लागली.

हे सगळे सांगून झाले, पण त्या संध्याकाळचे एक राहिले.

खिमीदेवीच्या स्वयंपाकघरात आम्ही चुलीपुढे बसलो होतो. ती आमच्याकडे पाठ करून कणीक मळत होती आणि मळता मळता काहीतरी गुणगुणत होती. सरांचे हात अजून राळेने चिकट होते. चहाचा पेला त्यांच्या बोटांना चिकटून वर येत होता. मी वाटीत मोहरीचे तेल घेतले आणि त्यांच्या समोर बसले. राळेला तेलच लागते. त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला.

तेल चोळत मी अंगठ्याच्या मुळापर्यंत आले आणि थांबले. तिथे राळेच्या जाड थरात एक तांदळाचा दाणा रुतून बसला होता. नुसता चिकटलेला नव्हता. दाबून बसवल्यासारखा होता.

"सर."

"हं."

"सहा होते."

"कुठून पाहिलंस?"

"तुमच्या डावीकडून."

"वाचन समोरून घ्यायचं, गुप्ते. किती वेळा सांगायचं?"

मी दाण्यावर बोट ठेवले. "आणि हा?"

त्यांनी हात डोळ्यांजवळ नेला, चष्म्यावरून पाहिले. मग डाव्या हाताच्या नखाने तो दाणा खरवडून काढला, राळेसकट तोंडात टाकला आणि दाढेखाली धरून चावला. तोंड फार कडू झाले असणार. त्यांनी चहाचा घोट घेतला, दोन्ही हात उताणे करून माझ्या अगदी समोर धरले आणि म्हणाले,

"आता मोज."